शेजारची पात

१

सन एकोणीसशे शेहेचाळीस, पौष महिना. जोंधळा हुरड्याला आला होता आणि पहाटे दव इतकं पडायचं की आडाचा दोर हातात धरवत नव्हता.

घरात आम्ही दोघंच. मी आणि माझी बायको चंद्राबाई. एकच मुलगी, ती लोणंदला दिलेली. शेती पुतण्या कृष्णात करायचा आणि त्याची बायको सुलाबाई दोन वेळा भाकरी आणून द्यायची. गाव येरळा नदीच्या काठाला, घर गावाच्या कडेला, घरामागं परडं.

परडं चंद्राबाईचं. वांगी, घेवडा, दोडक्याचा वेल, कोथिंबिरीचा वाफा, एक शेवगा, एक लिंबू. त्याहून जास्त तिची जनावरं. आडाच्या दगडांत मुंगसाची जोडी. शेवग्यावर खारी. कुंपणात एक धामण होती, तिला मी दोनदा काठी उगारली आणि दोन्ही वेळा चंद्राबाईनं काठी धरली. साळुंख्या तर कोंबड्यांसारख्या पायांत यायच्या.

मी म्हणायचो, "तू पिकवतीस आन् ही खात्यात."

ती म्हणायची, "खाऊ द्या की. आपुन दोन म्हातारी किती खाणार?"

मला ते पटत नव्हतं. पण परड्यात माझं चालत नव्हतं.

दिवाळीपासून तिला दम्यानं धरलं. मागच्या खोलीत, परड्याकडच्या खिडकीपाशी तिचं अंथरूण टाकलं. मी पाणी शेंदून झाडांना घालायचो, आणि पाण्याबरोबर तण वाढायचं. भांगलण, खुरप्यानं तण काढणं, हे बायकांचं काम. गड्यानं नांगर धरावा, मोट धरावी. खुरपं घेऊन उकिडवा बसलेला गडी आमच्या गावात मी पाहिला नव्हता. सुलाबाईला सुगीत सवड नव्हती. हरळी वांग्याच्या कमरेला लागली. चंद्राबाई खिडकीतून बघायची आणि तोंड भिंतीकडं करायची.

एका सकाळी घागर घेऊन गेलो तर वांग्याची पहिली ओळ स्वच्छ. हरळी मुळासकट काढलेली, मुळं वर करून बांधावर नीट मांडलेली. बुडाची माती भुसभुशीत.

सुलाबाई वेळ काढून येऊन गेली असं समजलो. बरं वाटलं. त्या दिवशी वांग्यांना एक घागर जास्त घातली.

२

दुपारी ती भाकरी घेऊन आली. मी म्हणालो, "सुला, चांगलं भांगललंस."

"मी? आवं आबा, मला डोस्कं खाजवाय सवड न्हाई. तुमची वांगी कवा भांगलू?"

"मग कुणी?"

"तुमीच भांगललं आसंल. सांगाय लाज वाटती का?"

ती हसली. मी हसलो नाही.

संध्याकाळी कृष्णातला सांगितलं. तो म्हणाला, "पत्री सरकारची माणसं उसात दडत्यात. कुणीतरी भाकरीच्या आशेनं केलं आसंल."

"भाकरी मागाय कुणी आलं न्हाई."

"लाजत आसंल."

"इंग्रजाला हाकलाय निघाल्यात आन् भाकरी मागाय लाजत्यात व्हय रं?"

तरी मी ते खरं धरलं. दुसरं धरण्यासारखं नव्हतं. फक्त एक गोष्ट मनातून जात नव्हती. सकाळी मी गेलो तेव्हा बांधावर दव जसंच्या तसं होतं. माझी पावलं उमटली. दुसरं पाऊल नव्हतं.

दिवा लावल्यावर चंद्राबाईला विचारलं, "परड्यात कुणी आल्यालं ऐकलंस का?"

"ऐकलं की. रंगू आल्ती."

रंगूबाई ही धुळा धनगराची बायको. परड्याच्या कुंपणापलीकडं त्यांची झोपडी आणि मिरचीचा तुकडा. जतकडची माणसं. एका दुष्काळात मेंढरं घेऊन आली ती इथंच राहिली. चंद्राबाईचा आणि तिचा जुना पैरा होता. आज मी तुझ्यात राबते, उद्या तू माझ्यात राब. पैरा म्हणजे एवढंच. त्यात मजुरी नाही. दिवसाला दिवस. काम संपलं की जिच्या रानात काम झालं ती बाई म्हणायची, "फिटलं." मग दुसरी खुरपं पुसून घरी जायची. अशी दोघींची वर्षं गेली.

रंगूबाई भादव्यात तापानं मेली होती. तिला खांदा द्यायला मी होतो.

"ती मेली," मी म्हणालो.

"मला म्हाईत न्हाई व्हय? मीच आंघोळ घातली तिला." तिला धाप लागली. थांबून म्हणाली, "तिच्या मिरचीत मी एक दिस केला आन् ती पडली. माझा दिस तिच्यावर ऱ्हायला. त्यो फेडाय आली."

"काढ्यानं डोस्क्यात ऊन चढलंय तुझ्या. नीज."

ती निजली. चेहरा मात्र बऱ्याच दिवसांनी उजळ दिसला.

३

दुसऱ्या दिवशी जेवून मी मागच्या दारात बसलो. चोर अंधारात येतो, काम करणारा उजेडात येणार, असा माझा विचार. ऊन चांगलं होतं.

मुंगूस आडाच्या कट्ट्यावर आलं. खार ओरडत होती ती गप्प झाली. मग मुंगूस मागच्या पायांवर उभं राहिलं आणि वांग्यांच्या दुसऱ्या ओळीकडं बघू लागलं. माणूस आलं की मुंगूस पळतं. हे पळालं नाही. घरचं माणूस आल्यावर कुत्रं मान वर करून बघतं, तसं बघितलं आणि आपल्या वाटेनं निघून गेलं.

नंतर साळुंख्या उतरल्या.

ज्यानं रान केलंय त्याला हे ठाऊक असतं. बाई भांगलायला बसली की साळुंख्या तिच्या मागं येतात, कारण माती हलली की किडा वर येतो. बाई हातभर पुढं सरकते, साळुंख्या हातभर पुढं सरकतात. तिच्यापुढं त्या कधी जात नाहीत.

त्या ओळीच्या तोंडाला उतरल्या. टिपलं. थांबल्या. सरकल्या. पुन्हा टिपलं, पुन्हा थांबल्या. इकडं तिकडं गेल्या नाहीत. आणि दर वेळी त्यांच्यापुढं एक बसलेलं माणूस मावेल एवढी जागा रिकामी राहत होती. एक साळुंखी अवखळ होती. ती त्या जागेत शिरली आणि लगेच फडफडत बाजूला झाली, कुणी हाताच्या पाठीनं सारावी तशी.

मातीत खुरपं चालतं तसा बारीक आवाज होता. मधेच खड्याला लोखंड लागल्यासारखं टिण्ण वाजलं.

माती वर येताना मी पाहिली नाही. पाहिली असं म्हणणार नाही. पण साळुंख्यांच्या मागं काळी ओली माती होती आणि पुढं हरळी होती, आणि मागचा काळा पट्टा वाढत चालला होता.

मी उठून खाकरलो. साळुंख्या उडाल्या, मला बघून. ओळ अर्ध्यात राहिली. तिथं हरळीची एक जुडी आडवी पडली होती. मुळांची माती झटकायची राहिली होती.

पाखरांनी उकरलं असेल, असं मी मनाला सांगितलं. पाखरू हरळी उपटत नाही, हे मनानं मला सांगितलं.

४

"तुमी मधी कशाला गेला?" मी आत आलो तशी चंद्राबाई म्हणाली. तिनं खिडकीतून सगळं बघितलं होतं. "अर्ध्या पातीवरनं उठवलं तिला."

पात म्हणजे भांगलणारीच्या वाट्याचा पट्टा. धरलेली पात टोकाला नेल्याशिवाय बायका उठत नाहीत. मूल रडलं तरी उठत नाहीत.

"कुणी न्हवतं तिथं," मी म्हणालो.

"बरं, न्हवतं." ती भिंतीला टेकून बसली होती. दिवाळीनंतर प्रथमच आपली आपण उठून बसली होती. "माझं एवढं ऐका. सांज झाली की वांग्यात जावा आन् म्हणा, 'फिटलं.' तिच्यावर माझा एकच दिस व्हता. त्यो झाला. मला उठवत न्हाई, न्हाईतर मीच गेली आसती. घरच्या माणसानं म्हटलं तरी चालतं."

"कुणाला म्हणू? वांग्यास्नी?"

"म्हणा की. तोंड झिजतंय का तुमचं?"

"आन् न्हाई म्हटलं तर?"

"तर ती येतच ऱ्हाईल. तिला कसं कळावं?"

मी गेलो नाही. रिकाम्या परड्यात बोलणारे म्हातारे मी पाहिले होते. लोक आधी त्यांना हसतात आणि मग त्यांना जेवायला वाढायचं विसरतात.

दुसरी ओळ सकाळी पुरी झालेली होती. मग तिसरी झाली. मग घेवडा. मग कोथिंबिरीच्या वाफ्यातलं एकेक बारीक तण नखानं काढल्यासारखं गेलं. दोडक्याचा वेल जमिनीवर लोळत होता तो मांडवावर चढवलेला दिसला. परडं इतकं देखणं आमच्या उभ्या संसारात कधी झालं नव्हतं. वाटेनं जाणारी माणसं कुंपणाशी थांबायची. "आबा, वैनीस्नी आराम पडला वाटतं," म्हणायची.

आराम पडला नव्हता. पहिले काही दिवस ती तरतरीत होती. मग जसजसं परडं साफ होत गेलं तसतशी ती मिटत गेली. धाप वाढली. खिडकीतून बघायची ती आता आनंदानं बघत नव्हती.

एक दिवस ती म्हणाली, "आता माझ्यावर चढलं."

"काय चढलं?"

"तिचं दिस. तिचा एक व्हता, तिनं लय केलं. आता मला जाया पायजे."

"कुठं?"

"तिच्यात," ती म्हणाली. मी असं विचारावं याचंच तिला नवल वाटलेलं दिसलं.

त्या संध्याकाळी मी परड्यात गेलो. कुंपणापलीकडं कुणी नाही हे बघून घेतलं. मग घेवड्याच्या वाफ्याशी उभा राहून म्हणालो, "फिटलं." आवाज नीट निघाला नाही म्हणून पुन्हा म्हणालो. शेवग्यावर होले बसले होते, ते गप्प झाले. दुसरं काही झालं नाही.

आत आलो. चंद्राबाईनं ऐकलं होतं.

"आता तुमच्या म्हणण्यानं काय हुतंय?" ती हळू म्हणाली. "आता फिटलं म्हणायची पाळी तिच्याकडची."

५

धुळा मेंढरं घेऊन उसाच्या गावांकडं गेला होता, शेतात खतासाठी बसवायला. तो परत आल्याचं कळलं तसा त्याच्या झोपडीवर गेलो. तो दारात लोकर कातत बसला होता. माझ्याच वयाचा माणूस, पण बायको गेल्यापासून अंगानं उतरला होता.

"ये आबा. बस घोंगड्यावर."

"तुझ्या मिरचीत तण लय झालंय."

"मिरची माझी न्हवं. तिची. मी जित्राबाचा माणूस. ती जिती आसताना मिरचीला हात लावला आसता तर हात मोडला आसता तिनं."

मला फिरवून बोलता येत नाही. मी म्हणालो, "धुळा, तुझी बायको माझ्या परड्यात येती."

तो हसेल किंवा उठून अंगावर येईल, असं वाटलं होतं. त्याच्या हातातली चाती फिरायची थांबली.

"कशी हाय?" त्यानं विचारलं.

"दिसत न्हाई. काम दिसतं."

"बारीक झाली आसंल." मग म्हणाला, "हिकडं येत न्हाई आबा. एकदाबी आली न्हाई. मी दार लावत न्हाई, गार वारं घेतो अंगावर. पर न्हाई. जिती आसतानाबी सदा तुमच्यातच पडल्याली आसायची. मी म्हणायचो, जा, त्येंच्यातच ऱ्हा." तो हसला. हसताना डोळे पुसले.

मी त्याला पैऱ्याचं सगळं सांगितलं. चंद्राबाई काय म्हणते तेही सांगितलं.

"वैनी जाणार म्हणत्यात?" त्यानं विचारलं. चंद्राबाईला तो नेहमी वैनीच म्हणायचा.

"म्हणती. मी जाऊ देणार न्हाई. तुझ्या रानातलं काम मी करून देतो. मग फिटलं का न्हाई?"

"मला काय कळतं ह्यातलं? बायकांचा हिशेब हाय त्यो." तो मिरचीकडं बघत राहिला. "कर बाबा. माझी ना न्हाई."

६

मी अंबूबाईला रोजानं लावलं. कामाला चांगली, तोंडानं फटकळ.

"आबा, धनगराच्या रानाला तुमचा रोजगार? म्हातारपणी दानशूर झाला व्हय?"

"तू पात बघ."

"बघती की. मिरची हाय कुठं ह्यात? हरळीचंच पीक दिसतंय."

पण काम चोख केलं तिनं. मी बांधावर उभा राहून करून घेतलं. तुकडा साफ झाला. वाळत आलेली मिरचीची झाडं उघडी पडली. घरी येऊन चंद्राबाईला सांगितलं, "झालं सगळं. आता नीज."

तिनं डोळे मिटूनच ऐकलं. "कुणी केलं?"

"अंबूनं."

तिनं मान एकदा हलवली. ती मान होकाराची नव्हती.

सकाळी दिशेला जाताना मी कुंपणावरून पाहिलं. तुकड्यात हरळी उभी होती.

आधी वाटलं धुकं आहे, दिसत नाही नीट. कुंपण ओलांडून गेलो. हरळी उभी होती, दव धरून, काल होती तशी, ओळीनं. मी एक काडी धरली. ती सहज वर आली. मुळाशी खुरप्याचा तिरका काप होता. दुसरी घेतली. तिलाही काप. अंबूनं तोडलेली प्रत्येक जुडी बांधावरून परत आणून जिथली तिथं रोवली होती, आणि बुडाशी माती अंगठ्यानं दाबली होती. अंगठा दिसत होता मातीत. लहान होता, बाईचा.

बांधावर काल मांडलेलं तण एक काडी नव्हतं.

धुळाचं काम असेल. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असेल. मी झोपडीत डोकावलो. झोपडी रिकामी होती. इतक्यात ओढ्याच्या बाजूनं मेंढरं आली आणि मागून धुळा आला, घोंगडं दवानं भिजलेलं. रात्रभर तो शेजारच्या गावात मेंढरांजवळ होता.

त्यानं तुकडा बघितला. खाली बसून मातीतल्या अंगठ्यावर आपलं बोट अलगद ठेवलं.

"रोजगारानं केल्यालं घेत न्हाई ती," तो म्हणाला. "मानी हाय लय."

७

चंद्राबाईला आता आडवं पडवत नव्हतं. बसवून, पाठीला बोचकं देऊन ठेवलं होतं. बोलताना एकेक शब्दाला थांबत होती.

"मी जातो," मी म्हणालो.

"कुठं?"

"मिरचीत. घरचं माणूस चालतं म्हणालीस न्हवं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग हसू लागली आणि हसण्यातून खोकला आला. पाणी पाजलं. "तुमी? खुरपं धराय येतं का?"

"नांगर धरलाय जल्मभर."

"नांगर आन् खुरपं एक हाय व्हय?" तिनं माझा उजवा हात घेतला, बोटं वळवून मूठ कशी धरायची ते दाखवलं. तिचा हात गार होता. "मुळाखालनं घाला. ओढू नगा, उचला. आन् मागं वळून बघू नगा."

"का?"

"पात वाकडी हुती," ती म्हणाली.

तिचं खुरपं फळीवरून काढलं. सुलाबाईला निरोप देऊन तिच्यापाशी बसवलं. सुलाबाईनं आधी माझ्या हातातल्या खुरप्याकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं.

ऊन वर आलं होतं. भर दिवसा, वाट वाहती असताना मी धुळाच्या मिरचीत उकिडवा बसलो. गुडघे मोडले. गावातला आकाराम बैलगाडी घेऊन चालला होता. त्यानं गाडी थांबवली.

"आबा, ह्ये काय? लुगडं कवा नेसणार?"

मी मान वर केली नाही. गाडी थोडा वेळ थांबली आणि गेली. पुढं कुणाशी तरी तो बोलला आणि दोघं हसले, ते ऐकू आलं. ऐकलं आणि खुरपं घातलं.

हरळी निघत होती. धुळा तुकड्याच्या पलीकडच्या टोकाला बांधावर बसला होता. मी एक पात पुरी केली. दुसरी केली. हाताला फोड आले आणि फुटले. एक गोष्ट लक्षात आली. उपटलेली जुडी मी बांधावर ठेवत होतो ती तिथंच राहत होती. हे काम घेतलं जात होतं. मला धीर आला. फिटेल, असं वाटलं. संध्याकाळपर्यंत तुकडा होईल, धुळा फिटलं म्हणेल, मी घरी जाईन आणि तिला सांगेन.

तिसरी पात धरली तेव्हा ऊन कललं होतं आणि तिच्या शेजारची एकच पात उरली होती. थोडा पुढं गेलो असेन. शेजारच्या पातीत आवाज आला.

खुरप्याचाच. माझ्यासारखा ओढाताणीचा नव्हे, हलका, एकसारखा. माझ्या किंचित मागं. मी थांबलो की तोही थांबायचा. मी सरकलो की सरकायचा. पैऱ्याच्या बायका अशाच जोडीनं पात धरतात, एकीनं दुसरीला मागं टाकायचं नाही. रंगूबाई आपल्या रानात कामाला बसली असं मी समजलो. वळून बघायचं नाही, हे घोकत राहिलो. खाली माती, समोर हरळी, एवढंच बघत होतो. श्वासाचा आवाज येत होता. धाप नव्हती त्यात. निवांत श्वास.

मग एक हात माझ्या नजरेच्या कडेला आला. उपटलेली जुडी दोन पातींच्या मधल्या बांधावर ठेवायला तो पुढं झाला. मनगटापर्यंतच दिसला. मुळं वर करून जुडी ठेवली आणि वरून एकदा हात फिरवला. हिरव्या बांगड्या. करंगळी आत वाकलेली. ती करंगळी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी उसाच्या चरकात सापडली होती. मीच चरक उलटा फिरवून हात सोडवला होता, आणि गाडीत घालून तिला तासगावला नेलं होतं. वाटेत ती रडली नाही. मीच रडलो होतो, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

रंगूबाईचा हात नव्हता तो.

त्याच वेळी परड्यातून सुलाबाईची हाक आली. "आबा! आवं आबा!" मग दारातून बाहेर येऊन, मोठ्यानं, "आबा, आत्ती गेल्या वं! या की लवकर!"

शेजारच्या पातीतलं खुरपं थांबलं नाही.

मी उठलो असतो तर धावत घरी पोचलो असतो. तिथं ती बोचक्याला टेकून असणार होती, सुलाबाईनं डोळे मिटवलेली. इथं तिचा हात माझ्या हातापासून वीतभर होता, आणि पात अजून उरली होती. मी उठलो नाही. मागं वळलो नाही. खुरपं मुळाखालून घातलं आणि उचललं.

सुलाबाई हाका मारत होती. मग तिचं रडणं ऐकू आलं, मग आणखी बायकांचं. मी काम करत होतो. घाई करत नव्हतो. एकेक काडी काढत होतो, निघाली तिथंही पुन्हा हात फिरवत होतो. शेजारचा हातही हळू झाला. तिनंही घाई केली नाही. आम्ही आयुष्यात कधी एका कामाला शेजारी बसलो नव्हतो. मी शेतात, ती परड्यात. ती पात आम्ही दोघांनी बरोबरीनं नेली.

टोक आलं. शेवटची जुडी मी उपटली. दुसरी जुडी तिच्या बाजूला बांधावर ठेवली गेली. खुरपं पदराला पुसल्याचा आवाज झाला.

धुळा समोर उभा होता. मुंडासं काढून त्यानं हातात घेतलं होतं. तो माझ्याकडं बघत नव्हता. माझ्या शेजारी बघत होता.

"फिटलं, वैनी," तो म्हणाला.